खानदेशातील नद्यांचे पूर आणि नगरांची स्मृती : धुळे व शिरपूर यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

खानदेश हा अवर्षणप्रवण प्रदेश म्हणून ओळखला जातो. येथील इतिहासलेखनात दुष्काळाला जे स्थान मिळाले, ते पुराला मिळालेले नाही. प्रस्तुत शोधनिबंधात तापी, पांझरा व अरुणावती या नद्यांच्या काठी वसलेल्या नगरांचा पुराशी आलेला संबंध एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत तपासला आहे. दुष्काळाच्या भीतीने येथील शासन, अभियांत्रिकी आणि लोकमानस या तिन्हींवर इतका ताबा मिळविला की पुराची तयारी सतत दुय्यम राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे. पूर सोसूनही उभे राहणाऱ्या नगराच्या उभारणीत पुराच्या स्थानिक इतिहासाचा उपयोग कसा होऊ शकतो, याचाही विचार शेवटी केला आहे.

मुख्य शब्द : खानदेश, पांझरा, अरुणावती, फड पद्धती, पूररेषा, नगररचना, आपत्ती व्यवस्थापन.

प्रस्तावना

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. नदीची जागा मात्र शोधावीच लागते, कारण ती विसरली गेली की नदी स्वतःच ती दाखवून देते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठी नावाची एक नदी या महानगरात आहे, हे अनेकांना त्या दिवशी कळले. तेव्हापासून 'शहरी पूर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरासंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नदीच्या खोऱ्यातील पूर आणि शहरातील पूर यांची कारणे व उपाय वेगळे आहेत, ही गोष्ट त्यामुळे शासकीय पातळीवर मान्य झाली.

या विषयावरील बहुतेक लेखन मुंबई, चेन्नई, हैदराबाद, सुरत अशा मोठ्या शहरांभोवती फिरते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांचा विचार त्यात क्वचितच होतो. वस्तुतः आजची मोठी शहरे ज्या चुका करून बसली आहेत, त्या चुका करण्याच्या उंबरठ्यावर आपली मध्यम व लहान नगरे उभी आहेत. शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेच्या हद्दीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ६१,६८८ होती; २०११ मध्ये ती पाऊण लाखाच्या पुढे गेली. अशा नगरांना अजून निवड करता येते. म्हणूनच त्यांचा पूर-इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) खानदेशातील नदीकाठच्या वस्त्यांच्या रचनेत पुराचा विचार कोणत्या काळी कसा झाला, याचा शोध घेणे.
२) दुष्काळविषयक धोरण व पूरविषयक धोरण यांची ऐतिहासिक तुलना करणे.
३) धुळे व शिरपूर यांच्या अनुभवाच्या आधारे लहान नगरांसाठी काही सूचना मांडणे.

या निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशविषयक १२ वा खंड, जनगणनेची आकडेवारी, अभियंत्याचे आत्मकथन आणि अलीकडील पुरांविषयीची प्रकाशित माहिती ही मुख्य साधने होत.

नद्यांचा स्वभाव आणि वस्त्यांची जागा

तापी ही सुमारे ७२४ किलोमीटर लांबीची नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून महाराष्ट्र व गुजरातमधून अरबी समुद्रास मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर असून त्यातील सर्वाधिक वाटा, सुमारे ५१,५०० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा आहे. खानदेशात तापीचे पात्र खोल असून काठ उंच, दरडींचे आहेत. त्यामुळे मुख्य नदीचे पाणी काठ ओलांडून दूरवर पसरण्याचे प्रसंग तुलनेने कमी येतात. उपनद्यांची गोष्ट निराळी आहे. पांझरा सह्याद्रीतून पिंपळनेर-साक्रीच्या बाजूने येते, धुळ्याला वळसा देऊन उत्तरेकडे वळते आणि मुडावद येथे तापीस मिळते. अरुणावती सातपुड्यातून उतरून शिरपूरजवळून तापीकडे जाते. डोंगरात पडलेला पाऊस या नद्या काही तासांत सपाटीवर आणून टाकतात. त्याच वेळी तापी भरून वाहत असेल तर उपनदीच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही; ते मागे फुगते आणि गावात शिरते. गावातील वयस्क मंडळी 'तापीने पाणी घेतले नाही' असे म्हणतात, तेव्हा ते जलशास्त्रातील एक महत्त्वाचे तत्त्व सांगत असतात.

वर्षातील आठ-नऊ महिने या उपनद्यांची पात्रे कोरडी किंवा क्षीण असतात, आणि धोक्याचे मूळ येथेच आहे. बारमाही नदीचा काठ कोणी घरासाठी मोकळी जागा समजत नाही. कोरडे पात्र मात्र पडीक जमिनीसारखे दिसते.

जुन्या वस्त्यांची जागा पाहिली तर पूर्वजांना हे भान होते असे दिसते. शिरपूर तालुक्यातील थाळनेर हे याचे उत्तम उदाहरण होय. १३७० च्या सुमारास फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजा फारुकी याला थाळनेर व करवंद हा मुलूख मिळाला आणि थाळनेर ही फारुकी सत्तेची पहिली राजधानी ठरली. येथील किल्ला तापीच्या उत्तर तीरावर उंच दरडीच्या माथ्यावर आहे. शत्रूपासून संरक्षण हा त्यामागील प्रमुख हेतू असला, तरी उंचीमुळे नदीपासूनही संरक्षण मिळाले. सामान्य खेड्यातही 'पांढरी' आणि 'काळी' असा भेद होता. वस्तीची पांढरी उंचवट्यावर आणि शेतीची काळी सखल भागात. काळीत पाणी आले तर एक हंगाम जाई, परंतु गाळही मिळे. पांढरीत पाणी येऊ नये याची काळजी गाव वसवितानाच घेतलेली असे. आजच्या नगररचनाकाराला ज्यासाठी नकाशे व समोच्च रेषा लागतात, तो विवेक या दोन साध्या शब्दांत सामावला होता.

फड बंधारे : पुराला वाट देणारी रचना

पांझरा, मोसम, आरम, कान या नद्यांवरील फड पद्धती हा खानदेश व लगतच्या बागलाणातील सामूहिक सिंचनाचा वारसा आहे. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाणी पाटाने काठच्या जमिनीत नेत. लाभक्षेत्राचे फड पाडून प्रत्येक फडात एकच पीक घेण्याची शिस्त असे. पाटकरी, हवालदार, जागल्या हे गावानेच नेमलेले लोक पाण्याची वाटणी व बंधाऱ्याची देखभाल पाहत. या पद्धतीचा विचार आजवर मुख्यतः सिंचन व सहकार या अंगाने झाला आहे.

पुराच्या अंगाने पाहता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, हे बंधारे ठेंगणे असत. पुराचे पाणी माथ्यावरून वाहून जावे, अशीच त्यांची घडण होती. पूर अडविण्याचा अट्टाहास त्यांत नव्हता. दुसरी, पुराने बंधारा फुटला वा पाट गाळाने भरला तर दुरुस्ती कोणी, कधी व कशी करायची याची व्यवस्था आधीच ठरलेली असे. म्हणजे नुकसान गृहीत धरून त्यातून लवकर सावरण्याची तरतूद या रचनेत होती. आधुनिक परिभाषेत ज्याला लवचीकता किंवा आघातक्षमता म्हणतात, तिचा याहून वेगळा अर्थ नाही.

या परंपरेचे उदात्तीकरण करणे मात्र योग्य होणार नाही. फडाचा लाभ जमीनधारकांना मिळे. भूमिहीन व अस्पृश्य मानलेल्या जातींची वस्ती गावाच्या कडेला असे आणि गावाची कड अनेकदा नदीची कडही असे. पांढरीचा सुरक्षित उंचवटा सर्वांच्या वाट्याला आलेला नव्हता. आजही पूरपट्ट्यात कोण राहतो हा प्रश्न विचारला, तर उत्तर फारसे बदललेले दिसत नाही.

ब्रिग्जचे धुळे आणि १८७२ चा पूर

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी धुळ्याची निवड केली. मध्यवर्ती स्थान आणि मुंबई-आग्रा मार्ग ही त्याची कारणे होती. १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरे व २,५०९ लोक होते. ब्रिग्ज यांनी व्यापारी व कारागिरांना वसाहतीसाठी उत्तेजन दिले, सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली आणि जुन्या धुळ्याशेजारी नवे धुळे उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती; म्हणजे सुमारे दोन शतकांत तिच्यात दीडशे पट वाढ झाली.

धुळ्याची आखणी हा नेहमीच कौतुकाचा विषय राहिला आहे व ते कौतुक रास्तही आहे. तथापि या आखणीची दृष्टी प्रशासन व व्यापार यांची होती. नदी ही पाणी देणारी व गावाची सीमा दाखविणारी, एवढ्यापुरतीच तीत होती. पांझरेने १८७२ मध्ये आपले दुसरे रूप दाखविले. त्या वर्षीच्या महापुराने धुळ्यातील घरांची व मालमत्तेची मोठी हानी केली. गोदावरीकाठच्या नाशिकनेही त्याच वर्षी मोठा पूर अनुभवला. पुढे १८७५ मध्ये शिरपूरला पुराचा जबर तडाखा बसला. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने जिल्ह्यातील दोन प्रमुख गावे पाण्याखाली गेली.

या पुरांची दखल गॅझेटिअरने घेतली, हे महत्त्वाचे आहे. तिचे स्वरूप पाहिले तर तीत नुकसानीचा हिशेब आहे. वस्ती कोठपर्यंत असावी, कोठे नसावी याविषयीचा निष्कर्ष नाही. पूर हा एक प्रसंग म्हणून नोंदला गेला. पाणी ओसरल्यावर घरे पुन्हा बांधली गेली आणि गाव पूर्ववत झाले. 'पूर्ववत' हा शब्द आपण समाधानाने वापरतो. परंतु पुराच्या बाबतीत पूर्ववत होणे म्हणजे पुढच्या पुराची पुन्हा तयारी करून ठेवणे होय.

दुष्काळाला संहिता, पुराला मदत

याच दशकाच्या उत्तरार्धात, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. दुष्काळाची चाहूल कशी ओळखावी, कोणत्या टप्प्यावर कोणत्या अधिकाऱ्याने काय करावे, कामे कोणती काढावीत, मजुरी किती द्यावी, हे सर्व लेखी ठरले. या संहितेच्या कठोरपणावर व कंजूषपणावर टीका झाली आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात तिच्या मर्यादाही उघड झाल्या. तरीही एका आपत्तीला नियमांची चौकट मिळाली, हे नाकारता येत नाही.

पुराला अशी सर्वंकष संहिता मिळाली नाही. वर्गणी, तगाई, महसुलातील सूट यांवरच भागविले गेले. यामागील कारण समजून घेतले पाहिजे. दुष्काळ जिल्हेच्या जिल्हे व्यापतो, महसूल बुडवितो आणि राज्यकर्त्यांच्या वैधतेलाच आव्हान देतो. पूर काही तासांचा असतो, काही मोहल्ल्यांचा असतो आणि त्यात बुडणाऱ्यांचा महसुलातील वाटा नगण्य असतो. दुष्काळ हा राज्याचा प्रश्न ठरला. पूर हा दैवाचा प्रश्न राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पूरनियंत्रणाचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, परंतु त्याचा भर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांवर व बांधबंदिस्तीवर होता. पूरप्रवण क्षेत्रातील जमीनवापराचे नियमन करणारा आदर्श कायद्याचा मसुदा केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये राज्यांकडे पाठविला. त्यास मिळालेला प्रतिसाद अत्यल्प होता. सर्व आपत्तींना कवेत घेणारा आपत्ती व्यवस्थापन कायदा येण्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. दुष्काळ संहितेचा मसुदा आणि हा कायदा यांत १२२ वर्षांचे अंतर आहे.

पांझरेवरील तरुण अभियंता आणि मुसा नदी

शहरी पूरनियंत्रणाच्या भारतीय इतिहासातील एक धागा अनपेक्षितपणे खानदेशातून जातो. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. आरंभीच्या काळातच त्यांची नेमणूक खानदेशात झाली आणि पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाणी नेणारी नळवाट बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पुराने कामात पुन्हा पुन्हा व्यत्यय आणला. पाऊस संपेपर्यंत काम थांबवावे, ही त्यांची सूचना वरिष्ठांना रुचली नाही आणि अखेर त्यांनी ते काम त्याही परिस्थितीत पूर्ण केले. 'मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ' या १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी या दिवसांची आठवण नोंदविली आहे.

पुढे १९०३ मध्ये खडकवासला येथे त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. धरणाची उंची न वाढवता अधिक साठा करणे आणि पूर आला की दरवाजे आपोआप उघडणे, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. सुमारे १५ हजार माणसे दगावल्याचे मानले जाते. निजाम सरकारने १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना सल्ल्यासाठी पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगाला मुसा व ईसा या नद्यांवर पूर सामावून घेणारे जलाशय बांधावेत, शहरातील सांडपाण्याची व्यवस्था करावी आणि नदीकाठ मोकळा ठेवून तेथे उद्याने करावीत, असा त्यांच्या योजनेचा आशय होता. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. १९१२ मध्ये नगर सुधारणा मंडळही स्थापन झाले.

पांझरेच्या पुराने विश्वेश्वरय्या घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र एवढे म्हणता येते की अचानक फुगणाऱ्या दख्खनी नदीशी त्यांची पहिली ओळख ज्या प्रदेशात झाली, त्या प्रदेशाच्या नगरांना हैदराबादसारखी समग्र योजना मिळाली नाही. जलाशय, गटारे आणि काठ या तिन्हींचा एकत्र विचार हे त्या योजनेचे बलस्थान होते. पुढील काळात यांपैकी जलाशय तेवढा आपण उचलला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद पुन्हा पाण्याखाली गेले. जलाशय उभे असतानाही तलाव, नाले व काठ यांवरील अतिक्रमणांनी शहर असुरक्षित केले होते. एक अंग सांभाळून दुसरे सोडले तर काय होते, याचा हा पुरावाच होय.

धरणांचे युग : भरलेल्या जलाशयाचा पेच

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व पाठोपाठ खडकवासला धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. महाराष्ट्राच्या नागरी स्मृतीत हा पूर आजही जिवंत आहे. याचे एक कारण असे की त्यानंतर पूरग्रस्तांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहराचा भूगोलच बदलला. धरण हे पुरापासून संरक्षण देते तसेच पुराचे कारणही होऊ शकते, हा धडा पुण्याने मोठी किंमत देऊन शिकविला.

तापीच्या खोऱ्यात या धड्याचे वेगळे रूप दिसते. गुजरातमधील उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि सुरतेला पुराची भीती उरली नाही असा समज पसरला. काठांवर वस्ती वाढली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे प्रामुख्याने आपल्या खानदेशात व लगतच्या प्रदेशात, सलग अतिवृष्टी झाली. जलाशयात आधीच मोठा साठा होता. अखेर सेकंदाला नऊ लाख घनफुटांहून अधिक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतांश भाग जलमय झाला. सिंचन व वीज यांसाठी जलाशय लवकर भरून घ्यावा, ही दुष्काळाने शिकविलेली सावधगिरी आहे. पुराला सामावून घेण्यासाठी तो काही काळ रिकामा ठेवावा, ही पुराची मागणी आहे. एकाच भांड्याकडून या दोन्ही अपेक्षा असतात आणि अवर्षणप्रवण मन नेहमी पहिलीकडे झुकते.

शिरपूरच्या दृष्टीने हा पेच दूरचा नाही. वरच्या अंगाला भुसावळ तालुक्यात ४१ दरवाजांचे हतनूर धरण आहे. सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथे तापीवर बॅरेज झाले आहेत. त्यांच्याही खाली उकाई आहे. हतनूरचे दरवाजे किती व केव्हा उघडले याचा परिणाम शिरपूर-शिंदखेड्याच्या काठगावांना सोसावा लागतो, आणि येथून पुढे गेलेले पाणी सुरतेच्या दारात पोहोचते. पांझरेवरील अक्कलपाडा प्रकल्पाचे पाणी सोडल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्यात पूरस्थिती निर्माण झाली होती. नदीला आता केवळ पावसामुळे पूर येत नाही. पावसाबरोबर दरवाजे उघडण्याचा निर्णयही त्यास कारण असतो. तो निर्णय आपल्या गावापर्यंत किती तास आधी पोहोचतो, यावर गावाचे भवितव्य ठरते.

रेषा कागदावर, घरे पात्रात

महाराष्ट्रात पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाने पूररेषांची संकल्पना रूढ केली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध आणि दोन रेषांमधील क्षेत्र नियंत्रित, अशी ही विभागणी आहे.

तत्त्व निर्दोष आहे. अडचण अशी की ही रेषा आखण्यासाठी पुराच्या दीर्घकालीन नोंदी लागतात आणि लहान उपनद्यांवर त्या फारशा नसतात. दुसरी अडचण भाषेची आहे. '१०० वर्षांतून एकदा' या शब्दांचा अर्थ सामान्य माणूस 'आपल्या हयातीत नाही' असा घेतो. वास्तविक त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा आहे. १८७२ व १८७५ यांमधील अंतर पाहिले तरी शतकाचा हिशेब किती फसवा ठरू शकतो हे कळते.

खानदेशातील अलीकडचे उदाहरण चाळीसगावचे आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस डोंगरभागात झालेल्या अतिवृष्टीने तितूर व डोंगरी या नद्यांना पूर आला, शहरातील वस्ती व बाजारपेठ जलमय झाली, मोठ्या संख्येने जनावरे दगावली आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. तितूर ही काही मोठी नदी नव्हे. मोठ्या नदीचा धाक असतो, लहान नदीचा नसतो. शहरी पुराचे बळी बहुधा लहान नदीच घेते.

शिरपूरचा प्रयोग आणि त्याची मर्यादा

जलसंधारणाच्या क्षेत्रात शिरपूरचे नाव देशभर झाले ते २००४ पासून सुरू झालेल्या कामांमुळे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांचे मार्गदर्शन व अमरिशभाई पटेल यांचे पाठबळ यांतून तालुक्यातील नाल्यांचे रुंदीकरण व खोलीकरण झाले, त्यांवर सिमेंटचे साखळी बंधारे बांधले गेले आणि कोरड्या विहिरींतून भूजल पुनर्भरणाचा प्रयोग झाला. तापीच्या गाळाच्या प्रदेशात पिवळ्या चिकणमातीचा थर पाणी खाली जिरू देत नाही. तो ओलांडून पाणी झिरपणाऱ्या थरापर्यंत पोहोचविणे, हा त्यामागील विचार होता. तालुक्यात भूजलाची पातळी उंचावल्याचा अनुभव सांगितला जातो. याबरोबरच भूस्तररचना न पाहता सर्वत्र या पद्धतीचे अनुकरण करू नये, असा आक्षेपही तज्ज्ञांनी घेतला आहे आणि तो विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रयोगाची चर्चा दुष्काळनिवारणाच्या अंगाने पुष्कळ झाली. पुराच्या अंगाने ती व्हायला हवी. रुंद व खोल नाला पहिला पाऊस पोटात घेतो आणि खालच्या वस्तीकडे जाणारा लोंढा काही प्रमाणात उशिरा पोहोचतो, असे तर्काने म्हणता येते. परंतु हे साठे ऑगस्टमध्ये भरलेले असतील तर नंतरच्या मोठ्या पावसात त्यांचा हा उपयोग उरत नाही. उकाईचा पेच येथे लहान आकारात पुन्हा उभा राहतो. शिवाय शेतशिवारातील नाला रुंद होत असताना गावठाणातील नाला अरुंद होत गेला, तर वर कमावलेले खाली गमावले जाते. शिवारातील नाल्याला जो मान या तालुक्याने दिला, तोच नगरातील नाल्याला मिळणे ही या प्रयोगाची पुढची पायरी ठरावी.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) खानदेशात पूर ही अपवादात्मक घटना नाही. १८७२, १८७५, २०१९ व २०२१ या वर्षांचे अनुभव तिचा पुनःपुन्हा येण्याचा स्वभाव दाखवितात.

२) दुष्काळाच्या छायेत वाढलेल्या धोरणाने पुराकडे मदतीचा विषय म्हणून पाहिले, जमीनवापराचा विषय म्हणून पाहिले नाही. भरून ठेवलेले जलाशय व वस्तीसाठी वापरलेली कोरडी पात्रे ही याच मनोवृत्तीची दोन रूपे आहेत.

३) पांढरी-काळीचा विवेक, फड बंधाऱ्यांची रचना आणि विश्वेश्वरय्यांची त्रिसूत्री यांत एक समान सूत्र आहे : पाण्याला वाट ठेवावी आणि नुकसान गृहीत धरून सावरण्याची व्यवस्था आधी करावी.

४) पूरपट्ट्यातील वस्ती हा केवळ अतिक्रमणाचा प्रश्न नाही. गावात परवडणारी जागा नसल्यामुळे माणूस पात्रात घर बांधतो. पर्यायी जागा न देता केलेले निर्मूलन टिकत नाही.

या अनुषंगाने काही सूचना कराव्याशा वाटतात. नाशिकमध्ये रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले यावरून गोदावरीचा पूर मोजण्याची लोकरीत आहे. ती खूण पिढ्यान्‌पिढ्या इशारा देण्याचे काम करते. धुळे व शिरपूर येथे प्रत्येक पुराची पातळी सार्वजनिक इमारती, पूल व शाळांच्या भिंतींवर वर्षासह कोरून ठेवावी. नगरपरिषदांनी जन्म-मृत्यूच्या नोंदवहीप्रमाणे पुराची कायम नोंदवही ठेवावी. धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची सूचना घनफुटांच्या आकड्यांत न देता 'अमुक पुलापर्यंत, अमुक वस्तीपर्यंत पाणी येईल' अशा भाषेत दिली जावी. विकास आराखड्यात नाल्यांच्या मूळ रुंदीचा नकाशा जोडणे बंधनकारक असावे.

यांपैकी पहिले काम आपल्या महाविद्यालयांना निधीची वाट न पाहता सुरू करता येईल. इतिहास व भूगोल विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांनी एका उन्हाळ्यात अरुणावती व पांझरेच्या काठी फिरून वृद्धांच्या आठवणी, मंदिरांच्या पायऱ्यांवरील खुणा, जुने सात-बारा उतारे व नगरपालिकेची दप्तरे तपासली, तर पूररेषा आखणाऱ्या अभियंत्याला आज न मिळणारी माहिती हाती येईल. वि. का. राजवाडे यांच्या नावाने १९२७ मध्ये धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने कागदपत्रे जपण्याची दृष्टी या जिल्ह्याला दिली. ती दृष्टी नदीच्या नोंदींकडे वळविणे हे आजच्या स्थानिक इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे. ज्यांनी पूर पाहिला ती पिढी थकत चालली आहे. तिच्याकडील माहिती टिपण्यासाठी उपलब्ध असलेला काळ फार नाही.